‘रक्तदान केलं की आपोआप कळेल ना?’

प्रश्न : ताई, नमस्कार. मी रत्नागिरीकडचा, वय २७, ट्रॉलरवर खलाशी. १ जूनला मासेमारी बंद झाली, म्हणून दुसऱ्या दिवशी मालवणला मित्राकडे गेलो. तिथे फिरायला आलेल्या एका बाईची ओळख झाली आणि त्या रात्री संबंध आला. निरोध वापरला नाही. बाई शिकलेली, चांगल्या घरातली वाटली. पाचव्या दिवशी लघवीला जळजळ सुरू झाली. मेडिकलवाल्याने गोळ्यांची पट्टी दिली, दोन दिवसांत बरं वाटलं. पण आता रोज रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंग तपासत बसतो. झोप नाही. तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न ठरलंय. सिव्हिलला गेलो तर वाडीभर होईल. रविवारी आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर आहे. मित्र म्हणतो, रक्त दे, ते तपासतातच. देऊ का?
– एक वाचक, १९ जून

उत्तर : नको देऊस. बाकीचं पत्र सावकाश वाच, पण रविवारी शिबिरात रक्त देऊ नकोस.

दान केलेलं रक्त एचआयव्ही, कावीळ ‘ब’ आणि ‘क’, सिफिलिस, मलेरिया यांसाठी तपासतात, हे खरं. पण लागण झाली तरी ती चाचणीत दिसायला काही आठवडे जातात. तेवढ्या दिवसांत कागदावर ‘निगेटिव्ह’ येतं आणि रक्तात विषाणू असू शकतो. तुझी ती पिशवी एखाद्या बाळंतिणीला चढेल, आणि तू मात्र ‘सुटलो’ म्हणून घरी येशील. मित्रांनी कारण विचारलं तर ‘नुकत्याच गोळ्या घेतल्यात’ म्हण. ते खोटंही नाही.

आता जळजळीचं. संबंधानंतर चार-पाच दिवसांत अशी जळजळ झाली की परमा (गनोरिया) किंवा तसलाच संसर्ग मनात येतो. अर्धवट गोळ्यांनी त्रास दबतो, जंतू राहू शकतात. म्हणून हे काम या आठवड्यातच कर. सरकारी रुग्णालयात गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे दाखव. सिफिलिसची जखम तर दुखतही नाही, आपोआप भरून येते, आणि रोग आत तसाच राहतो. टॉर्चवर काही दिसलं नाही म्हणजे काही नाही, असं धरू नकोस. रक्ततपासणीत सापडला तर तो पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. कावीळ ‘ब’च्या लसीचंही तिथेच विचार.

एचआयव्हीची चाचणी ‘आयसीटीसी’त, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, फुकट होते. एक आता करून घे, म्हणजे आधीचं काही नाही हे कळेल. दुसरी सहा आठवड्यांनी, म्हणजे १४ जुलैच्या पुढे. तिसरी तीन महिने भरल्यावर, म्हणजे ३१ ऑगस्टनंतर. सिफिलिसचं रक्तही तेव्हाच पुन्हा तपास. हे सगळं गणपतीच्या आगेमागे उरकतं, तुळशीचं लग्न त्यानंतर खूप दूर आहे. तोवर कुणाशीही निरोधाशिवाय संबंध नको. एका वेळच्या संबंधातून एचआयव्ही होईलच असं नाही, न होण्याचीच शक्यता पुष्कळ जास्त. पण ती बाई कुठल्या घरातली दिसते, यावरून यातलं काहीच ठरत नाही. तिलाही कदाचित माहीत नसेल.

राहिलं वाडीत कळण्याचं. मी ‘आयसीटीसी’च्या खोलीत समुपदेशक म्हणून बरीच वर्षं बसले. बाहेरच्या बाकावर निम्म्याअधिक गरोदर बाया असायच्या, पोटाशी कार्ड धरून, कारण त्यांचीही ही चाचणी होते. क्षयाचे पेशंट असायचे. एक पोरगा तर हेल्मेट डोक्यावर ठेवूनच आत आला होता. मी त्याला आधी पाणी दिलं, ते प्यायला म्हणून त्याने ते काढलं. कोण कशासाठी आलंय हे त्या बाकावर कुणालाच कळत नाही. शिवाय २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुझ्या संमतीवाचून चाचणी करायला आणि निकाल फोडायला मनाई आहे. तरी धीर होत नसेल तर चिपळूणला जा, कणकवलीला जा. आधी नुसतं बोलायचं असेल तर १०९७ ही एड्सची हेल्पलाइन लाव, फुकट आहे.

एक गोष्ट मला फार लागली. तू ३ जूनच्या सकाळी गेला असतास तर एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या मिळू शकल्या असत्या. त्या जितक्या लवकर तितक्या बऱ्या, ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. तुझ्यासाठी ती वेळ गेली. पण बोटीवर तुझ्याबरोबरची पोरं आहेत, नारळी पौर्णिमेला पुन्हा एकत्र याल. त्यांना हे ७२ तास सांग.

आणि क्लिनिकला जाताना गोळ्यांची ती पट्टी खिशात टाक. रिकामी असली तरी चालेल, मागचं नाव डॉक्टरला वाचता आलं पाहिजे.

(हे उत्तर वाचकाला आधी टपालाने पाठवलं होतं. त्याच्या संमतीने इथे छापत आहोत.)