आधी त्यांची प्रकरणं वाच

दांडिया बाजार, बडोदे

अनेक आशीर्वाद.

पदव्युत्तर विभागाची समन्वयक झालीस, आनंद झाला. पण पत्रातली तुझी यादी वाचून राग आला. परिषद, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, आणि शेवटी प्रश्न, 'सर, सुरुवात कुठून करू?' या एवढ्या यादीत मुलं काय लिहिताहेत याचा एक शब्द नाही. आधी वाच. एम.ए.चे लघुप्रबंध, पीएच.डी.ची कच्ची प्रकरणं, जे हाती येईल ते.

गाइड ज्येष्ठ आहेत, त्यांच्या विद्यार्थ्यांचं लिखाण कसं मागू, म्हणतेस. मागायचं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे यावंच लागतं. पुष्कळदा तिथे अहवालावर सह्या होतात आणि मंडळी उठतात. तू अहवालासोबत वीसेक पानं आधीच मागून घे. प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त 8, सहयोगीकडे 6, सहायकाकडे 4 संशोधक असतात. एका विभागाचं एवढं वाचायला वेळ नाही, हे मला सांगू नकोस.

गप्प बसणाऱ्यांचं तर आधी वाच. दाहोद, छोटाउदेपूरकडून गुजराती माध्यमातली मुलं येतात, इथे सगळं इंग्रजीतून. सेमिनारमध्ये तोंड उघडत नाहीत म्हणून आपण त्यांना कच्ची ठरवून मोकळे होतो. लिखाण वाचलंस की वाक्य कुठे मोडलंय आणि विचार कुठे पक्का आहे, दोन्ही दिसेल. पहिला खर्डा त्यांना खुशाल गुजरातीत लिहू दे. घरी मराठी आणि कॉलेजात इंग्रजी, ही ओढाताण तुला मी काय समजावणार!

बाबासाहेब 1913 साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, हे इथल्या भाषणांत नेहमी येतं. पुढचं कुणी फारसं सांगत नाही. लंडनला त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तो 1923 साली पुस्तकरूपाने निघाला. त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना दिली आणि तिच्यातच सांगितलं, की यातले बरेचसे युक्तिवाद आपल्याला पटत नाहीत. मतभेद असा उघड मांडायचा तर आधी सगळं वाचावं लागतं, बाई! न वाचता 'छान आहे, पुढे चालू दे' म्हणणाऱ्या गाइडपेक्षा असा शिक्षक मला शंभरदा चालेल.

मी विभागप्रमुख होतो, तेव्हा मोठी परिषद भरवली नाही, मोठा निधीही आणला नाही. लोक बोलले, अजून बोलतात. पण त्याआधी, दुसऱ्या गावी नोकरीत असताना, एक हुशार मुलगी पीएच.डी. अर्धवट टाकून गेलेली मी पाहिली होती. तिचं प्रकरण गाइडच्या टेबलावर महिनोन्‌महिने पडून होतं. ती गेल्यावर ते माझ्या हाती आलं. फार चांगलं होतं. त्याची हळहळ अजून जात नाही. म्हणून प्रमुख झाल्यावर मी प्रत्येकाकडे हट्टाने पानं मागितली, दोन-तीन सहकारी कायमचे दुरावले तरी मागितली. पुन्हा संधी मिळाली तर हेच करीन.

आणि हो, परिषदेच्या उद्घाटनाला बोलावलंस, त्याला मी येणार नाही. एखाद्या मुलाचं प्रकरण घेऊन बसणार असशील तर दुपारी दोननंतर कधीही बोलाव. पानं मात्र आठवडाभर आधी घरी पाठव.

तुझा,
सर