व्हॅटिकनमधील नकाशांचे दालन चालता चालता पाहिले तर चालेल का?

सिस्टिन चॅपेल हे चित्रांसाठी प्रसिद्ध प्रार्थनागृह गाठण्याची घाई असल्यामुळे वाटेतले, भिंतींवर इटलीच्या प्रांतांचे नकाशे रंगवलेले दालन उरकले तर काही बिघडेल का, आणि त्याच्या छताचे एवढे कौतुक कशासाठी, असे आपण विचारले आहे. बिघडेल, असे माझे स्पष्ट मत आहे. माझी सारी नोकरी जमीन मोजणीत गेली, त्यामुळे हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

आम्ही सहकुटुंब तेथे गेलो तेव्हा आमचे साडू मान वर करून सोनेरी छताचे फोटो काढत राहिले आणि भिंतींकडे एक नजर टाकून म्हणाले, "यात दक्षिण वर आहे, काढणाऱ्याला दिशाच कळत नव्हत्या." हे वाक्य ते अजूनही प्रत्येक लग्नकार्यात ऐकवतात. काही नकाशांत दक्षिण वर आहे हे खरे. पण उत्तर वरच हवी असा दंडक त्या काळी नव्हता. शिवाय हे नकाशे ज्यांच्या देखरेखीखाली रंगवले गेले, ते इग्नात्सिओ दान्ती गणिती होते आणि पोप ग्रेगरी तेरावे यांच्या १५८२ च्या पंचांग सुधारणेच्या, म्हणजे आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरच्या, कामातही सहभागी होते. त्यांनी स्वतःच्या पेरुजिया प्रांताची प्रत्यक्ष मोजणी केली होती. अशा माणसाला दिशा शिकवायला निघणाऱ्यांनी आधी आपल्या गावचा गटनकाशा वाचून दाखवावा.

सुमारे १२० मीटर लांबीच्या या दालनात ४० नकाशे आहेत. मधली वाट म्हणजे इटलीच्या मधून जाणारी अपेनाइन पर्वताची रांग समजायची; मग एका बाजूला पश्चिमेकडील समुद्राचे प्रांत येतात आणि दुसऱ्या बाजूला पूर्वेकडील एड्रियाटिक समुद्राचे. जवळ गेल्यावर डोंगर, नद्या, नगरे आणि अंतराची मोजपट्टी दिसते. फ्लामिनिया प्रांताच्या नकाशात तर रोमन सेनानी सीझर रुबिकॉन नदी ओलांडताना सापडतो. जिरोलामो मुत्सियानो आणि चेझारे नेब्बिया यांच्या देखरेखीखाली सजलेल्या छतावर, खालच्या प्रांताशी जोडलेले संतांचे आणि चर्चच्या इतिहासातील प्रसंग आहेत. त्यामुळे भिंत सोडून नुसते छत पाहणे म्हणजे सातबारा न वाचता त्यावरचा शिक्का न्याहाळण्यासारखे आहे. साडूंना मी हे तेथेच सांगत होतो, पण आमचा गटप्रमुख झेंडी हलवत पुढे निघून गेला होता.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे: सतराव्या शतकात या नकाशांत दुरुस्त्या झाल्या आणि २०१६ मध्ये मोठे जतनकाम पूर्ण झाले, म्हणून आज दिसणारी प्रत्येक रेष आणि छटा दान्तींच्या काळचीच आहे असे समजू नये. गर्दीत लोक मागून ढकलतात, तेव्हा भिंतीलगत उभे राहावे आणि एकच प्रांत निवडून त्याचा नकाशा व त्यावरचे छत एकत्र पाहावे. सोबत कोणी साडू असतील तर त्यांना खुशाल पुढे जाऊ द्यावे.