ख्रिस्ती धर्मात ध्यान, देवाशी एकरूप होणं वगैरे आहे का, की नुसती सेवाच?

तुमचा प्रश्न बरोबरच आहे, आमच्या मिरजेत १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू झालं त्यामुळं ख्रिस्ती म्हणजे दवाखाना एवढंच बऱ्याच जणांना माहिती. मी काही अभ्यासक नाही, पण हा प्रश्न घरातच भोगलाय म्हणून लिहिते.

सासूबाईंना लकवा झाला. मी पहाटे पाचला प्रार्थनेला बसायचे, दिवसभरात तेवढा एकच तास माझा, आणि डोळे मिटले की आतून हाक यायची, कधी पाणी पाहिजे, कधी चादर ओली. आमचं दोघींचं आधीपासून फारसं जमलेलं नव्हतं, त्यामुळं उठताना राग यायचा, वाटायचं देवा तुझ्याकडं येते तर ह्या मधे येतात.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना बोलले. त्यांनी माइस्टर एकहार्टचं सांगितलं, सातशे वर्षांपूर्वीचे जर्मन संन्यासी, मोठे गूढवादी. ते म्हणायचे, तू बायबलमधल्या प्रेषित पौलासारखा अगदी स्वर्गीय आनंदात बुडालेला असलास आणि एखाद्या आजाऱ्याला सूप पाहिजे असेल तर तो आनंद सोड आणि प्रेमानं सूप नेऊन दे, ते जास्त चांगलं. स्पेनच्या अविलाच्या संत तेरेसांनी पण १५७७ साली मठातल्या सिस्टर्सना हेच लिहिलंय, आजारी बाई दिसली तर आपली भक्ती मोडेल म्हणून भिऊ नका. कारणही दिलंय, देवावर आपलं प्रेम आहे का हे नक्की कळत नाही, पण शेजाऱ्यावर आहे का ते कळतं. मला हे फार पटलं.

बायबलमध्ये मत्तयाच्या २५ व्या अध्यायात येशू शेवटच्या न्यायाचं सांगतो, त्यातलं 'मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलं' हे लोक असं घेतात की माणसाला दिलं की देवाच्या वहीत जमा. पण न्याय करणारा राजा, म्हणजे येशूच, तिथं 'माझ्यासाठी केलं' म्हणत नाही हो, 'मला केलं' म्हणतो. आणि ती माणसं विचारतात, प्रभू आम्ही तुला कधी पाहिलं? म्हणजे त्यांना माहितीच नव्हतं, ती त्या भुकेल्याकडंच बघत होती! मी उलटं करत होते, सासूबाईंच्यात येशू दिसावा म्हणून एवढी धडपडले की त्याच दिसेनाशा झाल्या. पेजेत मीठ थोडं जास्त लागतं, डाव्या कुशीवर वळवलं की कण्हतात, हे मला किती उशिरा कळलं.

आता त्यांचे केस विंचरताना जी माया वाटते ती माझ्याजवळ नव्हती, हे मला पक्कं माहितीये. योहानाच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात आहे की प्रीती देवापासून आहे आणि जो प्रीतीत राहतो तो देवात राहतो. तुम्ही एकरूप होणं विचारलंत ना, ते माझ्या लेखी हेच.

प्रार्थना सोडलेली नाही, तेरेसासुद्धा सांगतात की येशूच्या सेवेत धावपळ करणारी मार्था आणि त्याच्या पायाशी बसून ऐकणारी तिची बहीण मरीया, दोघी पाहिजेत. पाचला खुर्ची त्यांच्या पलंगापाशीच घेते, मधे हाक आली की उठते, आणि परत आल्यावर कुठं राहिलं होतं ते शोधत बसत नाही.