पिना क्रिंप करायला शिकताना

रोबोच्या तारेच्या टोकाला कनेक्टरची धातूची पिन दाबून घट्ट बसवायची, म्हणजे क्रिंप करायची, तर साधी पक्कड आधी बाजूला ठेव. तिने पिनेचे पंख, म्हणजे तारेला कवटाळणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, नुसते चेपतात, आत वळत नाहीत. तार आज धरते आणि रोबो हलला की सुटते. रॅचेटवालं, म्हणजे पुरता दाब बसल्याशिवाय न सुटणारं, क्रिंपिंग टूल घे. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास चौकशी कर, पण कनेक्टरचा नमुना खिशात ने. जेएसटी ही कनेक्टर बनवणारी कंपनी, एक्सएच आणि पीएच हे तिचे प्रकार. एक्सएचच्या पिनांमधलं अंतर २.५ मिमी, पीएचचं २ मिमी. नुसतं ‘जेएसटी द्या’ म्हटलंस तर काउंटरवरचे काका तुझ्याकडे बघत राहतील.

खरी गोम पंखांच्या दोन जोड्यांत आहे. पुढची छोटी जोडी उघड्या तांब्यावर बसते, मागची मोठी इन्सुलेशनवर. वीज पुढचीतून जाते, ओढ मागची सोसते. म्हणून तार दोन-अडीच मिलिमीटरच सोल. कमी सोललीस तर पुढच्या पंखांखाली प्लॅस्टिक अडकतं. आणि सोललेल्या टोकाला सोल्डर लावू नकोस, कितीही जुन्या जाणत्याने सांगितलं तरी! दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं, पकड ढिली पडते.

पिन टूलमध्ये ठेवून हलकेच दाब, म्हणजे ती पडणार नाही. मग तार सरकव आणि रॅचेट स्वतःहून सुटेपर्यंत दाबत राहा. नंतर तार ओढून बघ. निघाली तर पिन फेकून दे, ती सरळ करून पुन्हा वापरायची पुणेरी काटकसर इथे नको. पिना शेकड्यानेच घे. हाउसिंगमध्ये, म्हणजे कनेक्टरच्या प्लॅस्टिकच्या खोळीत, घालताना ‘टक्’ आवाज आला नाही, तर पिन फिरवून घाल.