घरच्या बियांची सजवलेली पाकिटं बागवेड्या मैत्रिणींना द्यायला कशी बनवावीत?

तुमच्या गच्चीवर भेंडी, गोकर्ण आणि वालपापडीचं बी जमलंय, ते हातानं बनवलेल्या सुंदर पाकिटांतून मैत्रिणींना द्यायचंय, असं तुम्ही लिहिलंय. फार छान विचार आहे. गेली काही वर्षं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी हेच वाण देते. बियाण्याच्या जातीलाही आपण वाणच म्हणतो, त्यामुळे डबे-वाट्यांपेक्षा हे वाण मला जास्त खरं वाटतं. शिवाय संक्रांत ते रथसप्तमी हे दिवसही जमून येतात, कारण उन्हाळी भेंडी तेव्हाच लावायची असते.

पहिल्या वर्षी मी जाड हातकागदावर पोस्टर कलरनं वारली चित्रं काढली. रंग हाताला लागत नव्हता म्हणून त्याच रात्री बी भरलं आणि पाकिटं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातली. कागदातली ओल आतच राहिली. चार दिवसांनी वहिनीनं फोन करून सांगितलं की वालाला पांढरी बुरशी आलीय. वर्षभर राखलेलं बी होतं ते, अजून हळहळ वाटते. तेव्हापासून कागद सजवायचा आधी, तो दोन दिवस पंख्याखाली वाळवायचा आणि बी सगळ्यात शेवटी भरायचं. प्लॅस्टिक तर नाहीच.

बीही तसंच खडखडीत वाळलेलं हवं. सकाळचं कोवळं ऊन आणि मग सावली, असं आठवडाभर तरी. वालाचा दाणा दाताखाली धरून बघा: टक्कन फुटला तर वाळलाय, दाताचा वण उमटला तर अजून ओला आहे. आमच्या ठाण्याच्या दमट हवेत ही परीक्षा घेतल्याशिवाय मी एकही पुडी बांधत नाही. वालाला भुंगा फार लवकर लागतो, म्हणून पाकिटं भरेपर्यंत ते चाळलेल्या राखेत घोळवून काचेच्या बरणीत ठेवते. वाटायच्या आधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून किती रुजतात तेही बघा. सात रुजले तर पाकिटावर तसं लिहायचं.

पाकिटाला गोंद लागत नाही. खळ तर लावूच नका, पिठाला कीड लागते. ए-फोर कागदातून साधारण १५ सेंटिमीटरचे दोन चौकोन निघतात. चौकोनाची तिरकी घडी घालून त्रिकोण करा. खालचे दोन्ही कोपरे एकेक करून समोरच्या बाजूवर आणा. वर दोन टोकं उरतात, त्यातलं एक पुढच्या खिशात खोचा, बी भरा आणि दुसरं टोक त्यावरून आत सारा. भेंडी, वाल, गोकर्ण यांना हे पुरतं. तुळस किंवा माठ असेल तर बारीक बी कोपऱ्यांतून गळतं, त्यासाठी आत वाण्यासारखी छोटी पुडी बांधावी.

सजावटीत मला सगळ्यात प्रिय भेंडीचा ठसा, शाळेत सगळ्यांनीच उमटवलेला. कागद एकदा दुमडून दर्शनी बाजूला पेन्सिलीची खूण करायची आणि पुन्हा उलगडायचा. भेंडी जरा जून घ्यायची, कोवळी दाबल्यावर चेपते. देठाकडून आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल आणि त्यात बियांची घरं दिसतात. कापलेली बाजू फडक्यावर टिपून दहा मिनिटं तशीच ठेवायची, नाहीतर चिकटपणामुळे रंग ओघळतो. मग दाट कालवलेल्या गेरूत हलकेच टेकवून ठसा द्यायचा. आत भेंडीचं बी आणि वर भेंडीचंच फूल! गोकर्णाच्या पाकिटावर मी ताजं फूलच चोळते. निळा डाग पडतो आणि त्यावर लिंबाचा थेंब टेकवला की तिथे जांभळा होतो. बघत राहावं असं असतं ते.

कागदाची जी पट्टी उरते तिच्यावर बॉलपेननं लिहा, जेल पेन ओल्या हातानं फिसकटतं. जात, बी कोणत्या महिन्यात धरलं, कधी आणि किती खोल लावायचं (भेंडी दोनेक सेंटिमीटर, आदल्या रात्री भिजवून) आणि बी मूळ कुणाकडून आलं, एवढं हवंच. माझ्याकडचा वाल मावशीच्या परसातला आहे, म्हणून प्रत्येक पाकिटावर 'मावशीचा वाल' असतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपण्यासाठी २०२० चा पद्मश्री मिळाला. असं बी हातोहात फिरतं तेव्हा ते कुठून आलं हे सोबत जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तुमची भेंडी दुकानातल्या संकरित बियांची असेल तर मात्र तिचं बी वाटू नका. पुढच्या पिढीत झाडं आईसारखी निघतीलच असं नाही. देशी असेल तर आत्तापासून दोन-तीन भेंड्या झाडावरच राखा, देठाला दोरा बांधा म्हणजे भाजीसाठी कुणी तोडणार नाही. फुलापासून त्या पूर्ण वाळून तडकायला महिना-सव्वा महिना लागतो, तेव्हा संक्रांतीसाठी हवं असेल तर नोव्हेंबरातलं फूल धरा.