नदीचे पाणी : ठरावीक कोटा की प्रमाणशीर हिस्सा?

प्रश्न : शेती, शहरे आणि कारखाने एकाच नदीवर अवलंबून असतील, तर पाण्याची न्याय्य वाटणी कशी करावी? वरच्या भागातील शेतकऱ्यांनी ठिबक सिंचनाने वाचवलेले पाणी स्वतःच वापरले, तर त्यात अन्याय कोणता?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक अवघड आहे, म्हणून आधी तो घेतो. पाटाने दिलेले सगळे पाणी पीक शोषून घेत नाही. काही भाग जमिनीत मुरतो, काही शेताबाहेर वाहतो आणि पुष्कळदा नाल्यांच्या वा भूजलाच्या वाटेने पुन्हा नदीलाच मिळतो. खालच्या भागातील सिंचन अनेकदा याच पाझरावर चालते. वरच्या शेतकऱ्याने ठिबक बसवून वाचलेल्या पाण्यावर आणखी क्षेत्र भिजवले, तर नदीतून उचललेले पाणी पूर्वीइतकेच राहते, पण परत येणारे घटते आणि खालचा प्रवाह आटतो. म्हणून हिशेब उचललेल्या पाण्याचा नव्हे, तर परत न येणाऱ्या पाण्याचा ठेवावा. शहराने घेतलेल्या पाण्याचा मोठा भाग सांडपाणी होऊन परत येतो, हे खरे. परंतु ते शुद्ध न करता सोडले, तर त्याला परतफेड म्हणणे मला मान्य नाही.

आता वाटणीविषयी. पिण्याचे पाणी आणि नदी जिवंत ठेवणारा किमान प्रवाह आधी बाजूला काढावा. उरलेल्याचे ठरावीक कोटे न पाडता प्रमाणशीर हिस्से करावेत. अमेरिकेतील कोलोराडो नदीच्या १९२२ च्या करारात वरच्या व खालच्या खोऱ्याला दरवर्षी प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उंच साचेल इतके) पाणी नेमून दिले गेले, पण ज्या वर्षांच्या नोंदींवर ते आकडे बेतले होते ती वर्षे नेहमीपेक्षा ओली निघाली. नदीत नसलेल्या पाण्याचे हक्क एकदा कागदावर आले, की ते सोडायला कोणी सहजासहजी तयार होत नाही. याउलट, स्पेनमधील व्हॅलेन्सियाजवळ तुरिया नदीच्या कालव्यांत पाणी प्रवाहाच्या प्रमाणात विभागले जाते, त्यामुळे टंचाईची झळ सर्वांना वाटून सोसावी लागते. तेथील तंटे शेतकऱ्यांनीच निवडलेले जलन्यायालय दर गुरुवारी, तोंडी सुनावणी घेऊन मिटवते. आपल्या हिश्शाचे पाणी मोजलेले प्रत्येकाला दिसते आणि तक्रारीचा निकाल पीक वाळण्यापूर्वी लागतो, तेव्हाच शेवटच्या टोकाचा शेतकरी आपल्या पाळीची वाट शांतपणे पाहू शकतो.