पिग्मी मोडून हेल्थ पॉलिसी घेऊ का?

पेडण्याच्या ताई, तुम्ही शाळेत माध्यान्ह आहाराचं जेवण करता, मिस्टर पायलट, म्हणजे बाईक-टॅक्सी चालवणारे आहेत, मुलगा सहा वर्षांचा आणि तुम्हाला आता चौथा महिना चालू. ओळखीचा एजंट म्हणतो 22,400 भरा, पाच लाखांची फॅमिली पॉलिसी मिळेल, डिलिव्हरी पण त्यातच होईल. त्यासाठी पिग्मीतले, म्हणजे रोज थोडे थोडे भरून साठवलेले 38,000 मोडू का, असं विचारलंय.

नका मोडू ताई. आज घेतलेल्या पॉलिसीत ही डिलिव्हरी बसणारच नाही, कारण मॅटर्निटीला, म्हणजे बाळंतपणाच्या खर्चाला, आधी वेटिंग पिरियड असतो, तेवढा काळ त्याचे पैसे मिळत नाहीत, कुठे नऊ महिने तर कुठे दोन-तीन वर्षं, आणि तुम्ही तर आधीच गरोदर आहात. माझ्या वहिनीला असंच सांगून पॉलिसी विकली होती, बिल दिल्यावर क्लेम सरळ नामंजूर, सिझेरियनचे पैसे शेवटी बांगड्या गहाण ठेवून भरले. पुस्तिकेत बारीक अक्षरात सगळं होतं, पण वाचून कोणी दाखवलं नव्हतं.

डिलिव्हरी सरकारी इस्पितळात करा, म्हापशाला जिल्हा इस्पितळात नाहीतर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात. सरकारच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल असो की सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण सगळं मोफत असतं, आणि बाळ आजारी पडलं तर पहिलं वर्षभर त्याचे उपचारही.

दुसरं म्हणजे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड. तुमचं कपाटात पडलंय म्हणता, त्याची मुदत संपलीय का ते आधी बघा आणि रिन्यू करा. तिघांच्या कुटुंबाला वर्षाला 2.5 लाखांपर्यंत मिळतात आणि चौघं झालात की 4 लाख, म्हणून बाळाचं नाव लगेच घालून घ्या. मात्र यादीतल्या उपचारांनाच आणि पॅनलवरच्या इस्पितळांतच ते चालतं, बाकी सगळं तुमच्या खिशातून, म्हणूनच पिग्मी पाहिजे. रात्री रिक्षा करायची झाली, मिस्टरांचा चार दिवस धंदा बुडाला, तर कार्ड दाखवून घरात तांदूळ येत नाही.

मला खरी काळजी मिस्टरांची वाटते. दिवसभर हायवेवर बाईक चालवणारा माणूस, घर त्याच्यावर उभं, आणि त्याच्या विम्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या, वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख. बाईकच्या इन्शुरन्समध्ये मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कव्हर घातलंय का तेही बघा, पैसे वाचवायला बरेच जण तेवढंच काढून टाकतात. ही दोन्ही कव्हरं मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहेत, इस्पितळाच्या बिलाला नाहीत हे लक्षात ठेवा.

बाळंतपण झालं, हातात थोडं शिल्लक राहिलं की आरोग्य संजीवनी ही हेल्थ पॉलिसी बघा, ती सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळते, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. आणि तुम्हाला थायरॉईड आहे ते पॉलिसीच्या फॉर्मवर लिहायचंच. एजंट म्हणतो लिहू नका, पण उद्या क्लेम अडकला की इस्पितळाच्या काउंटरवर तुम्ही एकट्याच उभ्या असाल, तो नसेल.

सही केली नसेल तर थांबा. पैसे भरूनच झाले असतील तर पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात, तेव्हा ती तारीख आजच बघून ठेवा.